मागच्या जीपनं या

खुर्ची असो, बाज असो की शाळेचा बाक, आमच्या सिस्टर बसण्याआधी त्यावर तळहात दाबून विचारायच्या, "झेपते का वं मी तुले?" मग बसायच्या. हसणारे हसायचे, पण त्यांच्याआधी सिस्टर हसलेल्या असायच्या.

गावच्या उपकेंद्रात त्या नर्स होत्या आणि शेजारच्या शाळेत मी शिक्षिका. रिसोडहून दोघी एकाच जीपनं जायचो. अंगानं त्या चांगल्या भरभक्कम. गरोदर बायका वजनकाट्यावर चढायला लाजल्या की सिस्टर आधी स्वतः चढायच्या आणि आकडा मोठ्यानं वाचायच्या. मग कुणी लाजत नसे.

त्यांची लाज काढायचा तो जीपवाला. तुम्हीही अशा जीपमध्ये दाटीवाटीनं बसला असाल, तर हा माणूस तुमच्या ओळखीचाच आहे. जीप भरत आली की तो म्हणायचा, "सिस्टर, तुमी डबलसीट. मागच्या जीपनं या." सगळे हसायचे, सिस्टरही हसायच्या. एकदा मात्र मागची जीप आलीच नाही. लसीला आलेल्या बायका लेकरं घेऊन ताटकळल्या आणि तशाच घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी सिस्टरनी डबा उघडलाच नाही. "माह्यावर हसा ना. माह्या कामावर कायले?" म्हणाल्या. "गाडी घेतेच आता."

शोरूममध्ये मी सोबत होते. विकणाऱ्यानं विचारलं, साहेब कधी येतील गाडी पाहायला? साहेबांना घ्यायची असेल तेव्हा साहेब येतील, असं सिस्टरनी सांगितलं. तरी त्यानं स्कुटीच पुढे केली. वळवताना तिचं हँडल गुडघ्याला लागलं. हलकी मोटरसायकल आणली, तर तिची मागची स्प्रिंग पार बसली. मग एक उंच, ऐटदार आणली, तिच्यावरून टाचा जमिनीला टेकेनात. शेवटी कोपऱ्यातली एक निघाली, रुंद सीटची, बेताच्या उंचीची. "झेपते का वं?" तळहात दाबून त्यांनी विचारलं आणि बसल्या. टाचा टेकल्या, गुडघे मोकळे राहिले, फक्त मागून गाडी जराशी दबली.

तेवढ्यावरून विकणारा माझ्या कानाशी आला. मॅडम, यांचं वजन... असं काहीतरी पुटपुटायला लागला. सिस्टरनी साऱ्या शोरूमला ऐकू जाईल असं आपलं वजन सांगितलं, एक किलोही न चोरता. मागे माणूस बसणार असेल तर स्प्रिंग घट्ट करतात, म्हणून मेकॅनिकनं पाना हातात घेऊन सहज विचारलं, सिंगलवर ठेवू का डबलसीटवर?

तो शब्द ऐकून मीच खाली पाहिलं.

सिस्टर ताठ बसून म्हणाल्या, "डबलसीटवर लाव. मी एकटीच डबलसीट आहो."

मी मान वर केली.

शिकताना त्या दोनदा पडल्या. लोक धावले, तर आधी गाडी उचला म्हणाल्या. महिन्याभरात त्या आमच्या जीपला मागे टाकून जायला लागल्या, हॉर्न वाजवत.

पुढे एका संध्याकाळी परतताना आमची जीप अर्ध्या वाटेत बंद पडली. मागून सिस्टर आल्या आणि थांबल्या. जीपवाला अजिजीनं पुढे झाला, पार्ट आणायला रिसोडपर्यंत सोडता का म्हणाला. सिस्टरनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुमाले घेतलं त ट्रिपलसीट होईन, भाऊ. मागच्या जीपनं या."

मग सीटवर थाप मारून मला म्हणाल्या, "बसा, मॅडम."

मी बसले. जीपमधले सगळे हसत होते, आणि या वेळी जीपवाला हसत नव्हता.

आता सिस्टरची बदली मानोऱ्याकडे झाली आहे. रुजू व्हायला त्या गाडीवरच गेल्या. मी अजून त्याच जीपनं जाते. अंगानं मोठी कुणी बाई दाराशी आली की मी मोठ्यानं म्हणते, "सरका." आणि जीपवाल्याकडे बघत राहते. तो मुकाट्यानं गाडी सुरू करतो.