वडगावच्या भावकूचं इमान

वडगावच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो तेव्हा मी भावकूच्या घराची पुढची खोली भाड्यानं घेतली होती. मध्ये एक कुडाची भिंत, पलीकडं त्याचा माग. भावकू तिशीतला, रुंद खांद्याचा, कमी बोलणारा गडी. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला की हात सूत फेकणाऱ्या धोट्यावर आणि पाय खालच्या लाकडी पावड्यांवर असे काही चालायचे, की बघत राहावं. शहापूरच्या पेठेत त्याची लुगडी कुणी उलगडून बघत नसे. 'भावकूचं कापड' म्हटलं की पुरे. त्याला याचा अभिमान होता. तो कधी बोलून दाखवायचा नाही, पण होता.

१९३४ च्या हिवाळ्यात बेळगावच्या बाहेर माळावर एक विमान उतरलं. माणसांना बसवून चक्कर मारून आणणारी कुठलीशी मंडळी होती. अख्खा गाव बघायला लोटला. मीही भावकूबरोबर गेलो. लोक पंख्याकडं बघत होते, गोऱ्या वैमानिकाच्या चष्म्याकडं बघत होते. भावकू गर्दीतून वाट काढत थेट पंखापाशी गेला आणि त्यानं पंखावर तळहात ठेवला. पहारेकऱ्यानं हाकललं तसा तो परत आला. चेहरा असा, की मला वाटलं याला कुणी मारलं.

"मास्तर," तो म्हणाला, "अवो, कापड हाय ते."

"कशाचं?"

"पंख. आत लाकूड, वर कापड. पत्रा न्हाय, काय न्हाय. माझ्या मागावर निघंल असलं."

त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात इमान शिरलं. आमच्याकडं विमानाला इमानच म्हणतात.

लाकडाचा माणूस त्यानंच शोधला. कंग्राळीचा मष्णू सुतार. टांगे आणि बैलगाड्या करायचा. काटकुळा, हसरा, सारखी कुठली तरी लावणी गुणगुणणारा. त्याची बायको नागुबाई त्याला म्हणायची, "तुमच्या अंगात पाखराचं हाड हाय." भावकूची आणि त्याची गाठ कॅम्पातल्या जुन्या बाजारात पडली, आणि तिथंच रद्दीत एक इंग्रजी मासिक सापडलं. इंजिनाशिवाय, नुसत्या वाऱ्यावर तरंगणारं विमान घरी कसं करावं, याची चित्रं आणि मापं त्यात होती. ते वाचून सांगायचं काम माझ्याकडं आलं.

मी रोज संध्याकाळी एक पान वाचायचो. मष्णू मापं कोळशानं फळीवर लिहून घ्यायचा. एका ठिकाणी मी अडलो. पंखाचं कापड ताठ राहावं आणि ओल लागू नये म्हणून त्यावर एक औषध लावायला सांगितलं होतं. त्याचं नाव कोशात सापडेना. मी तसं सांगितलं.

"खळ हाय की," भावकू म्हणाला. विणकर सुताला तांदळाची पेज पाजतात, ती खळ. "खळीनं कापड ढोलावानी ताठ हुतं. वरनं जवसाचं तेल उकळून दोन हात दिलं की पाणी लागत न्हाय."

आम्हाला ते पटलं. पटण्यासारखंच होतं.

वर्ष गेलं त्यात. मष्णूनं खानापूरच्या जंगलातलं शिवणीचं लाकूड आणलं, कारण ते हलकं आणि सरळ. पंखांच्या बरगड्या कळकाच्या केल्या. भावकूनं हातच्या कामातून वेळ काढून पन्नास-साठ वार कापड विणलं. इतकं घट्ट, की फुंकर मारली तर पलीकडं जात नव्हती. त्याची बायको मालुबाई आणि नागुबाई, दोघींनी ते पंखांवर टाचून बसवलं. शिवताना दोघी नवऱ्यांना मनसोक्त नावं ठेवायच्या.

दोर ओढायला कंग्राळीच्या तालमीतले बारा पैलवान. मोटारीच्या फाटक्या ट्यूबा कापून वळलेला रबरी दोर, तो विमानाच्या नाकाला अडकवायचा, दोन रांगा करून उतारानं पळायचं, आणि मागं शेपूट धरलेल्यांनी एकदम सोडायचं. जागा काकतीच्या पुढच्या टेकडीवर. दिवस अमावास्येचा, कारण त्या दिवशी माग बंद असतात.

"अवसेला कशाला?" नागुबाई कुरकुरली. मष्णू म्हणाला, "अवसेला वारं काय सुट्टीवर असतंय व्हय?"

माघातल्या अवसेला पहिल्यांदा भावकू बसला. पैलवान धावले, दोर ताणला, इमान घसरत गेलं आणि जमीन सोडून पुरुषभर उंच उठलं. चाळीस पावलं गेलं आणि गवतावर टेकलं. बारा पैलवान दोर हातात धरून नुसते उभे. भावकू बसूनच होता. मी जवळ गेलो तर त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्याला कळतही नव्हतं.

पुढच्या तीन अवसांना दोघांनी आळीपाळीनं उड्डाणं केली. भावकू लवकर शिकला, कारण पायानं शेपूट वळवणं मागावर बसणाऱ्याला नवीन नव्हतं. मष्णू हलका म्हणून जास्त उंच जायचा. वर गेला की तोंडानं लावणी चालू. खाली आम्हाला ऐकू यायची. इतकं सुख मी त्या दोघांच्या तोंडावर दुसऱ्या कशानं पाहिलं नाही.

पावसाळ्यात इमान मष्णूच्या छपरात पडून राहिलं. दिवाळीत बघतो तर कापडाला बुरशी. भावकूनं सगळं काढून नवं विणलं, नवी खळ दिली. तेलाचे हात मात्र थंडीमुळं वाळेनात. पंखाच्या वरच्या बाजूला दोन्ही हात झाले. खालची बाजू कोरीच राहिली.

"खालनं पुढच्या अवसेला देऊ," भावकू म्हणाला. "पाऊस काय खालनं पडतोय?"

कार्तिकातल्या अवसेच्या आदल्या दिवशी इमान गाडीवर घालून टेकडीवर नेलं. रात्रभर ते तिथंच गवतावर होतं. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा धुकं उतरत होतं. गवत पायाला गार लागत होतं, धोतराचे काठ भिजले. पैलवान जमले. तीन-चार गावांतली माणसं बघायला आली होती, कारण आता इमानाचं नाव सगळीकडं झालं होतं.

पाळी भावकूची होती. तो पंखाखाली वाकला आणि बोटानं कापड दाबलं. मी शेजारीच होतो. बोट किंचित आत गेलं. त्यानं हात मागं घेतला.

"जरा थांबूया," तो म्हणाला. "ऊन येऊ दे."

"कशाला रं?" मष्णूनं विचारलं.

भावकूनं माणसांकडं बघितलं. "असंच. गार लई हाय."

पैलवान हसले. एक जण म्हणाला, "आमाला रानात जायाचं हाय, अण्णा." मष्णू पुढं झाला. "तुला थंडी वाजत असली तर सर बाजूला. मी जातो. तुझ्यापेक्षा हलका हाय मी."

भावकूनं तोंड उघडलं, मिटलं, आणि बाजूला झाला.

दोर सुटला. मष्णू कधी नव्हे इतका वर गेला. टेकडीची कड ओलांडून दरीवर. लावणी ऐकू आली, आणि मग दुसराच आवाज. ओलं लुगडं वाऱ्यावर झटकावं तसा. डाव्या पंखाचं कापड खालून फुगलं, टाके उसवत गेले, आणि इमान त्या अंगावर कलून खडकात गेलं.

आम्ही पोचलो तेव्हा तो जिवंत होता. गाडीत घालून बेळगावकडं निघालो. त्याचं डोकं भावकूच्या मांडीवर. वाटेत मष्णूनं विचारलं, "कुठं मोडलं रं? माझी कुठली फळी मोडली, बघून ठेव." काकतीची घरं मागं पडायच्या आतच मष्णू गेला.

तिसऱ्या दिवशी भावकू माझ्या खोलीत आला आणि दारातच बसला. "मास्तर, कापड ढिलं हुतं. मला ठाव हुतं. एवढ्या माणसांत माझं कापड ढिलं हाय म्हणून सांगायला जीभ वळली न्हाय. नागुवैनीला सांगून येतो."

आता माझं सांगतो. मी त्याला अडवलं. म्हणालो, "आता सांगून मष्णू परत येणार आहे का? तिचं दुःख कशाला वाढवतोस?" मला तेव्हा ते शहाणपण वाटलं. खरं म्हणजे बोट आत गेलेलं मीही पाहिलं होतं, आणि मलाही कुणी विचारायला नको होतं.

भावकूनं माझं ऐकलं.

लोकांनी दोन कारणं लावली. एक अवस. दुसरं मष्णूचं लाकूड. अवसेचं महिन्याभरात विरलं, लाकडाचं राहिलं. मष्णूचा धाकटा भाऊ गुंडू त्याच छपरात सुतारकाम करायचा. त्याच्याकडं गाड्या येईनाशा झाल्या. "तुझ्या भावाचं लाकूड भावालाच पेललं न्हाय," असं एकानं त्याला बाजारात तोंडावर सांगितलं. गुंडू दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जायला लागला. हे वडगावात यायला वेळ लागला. आलं तेव्हा पुढची दिवाळी होऊन गेली होती.

भावकूनं त्या दिवशी माग अर्ध्यावर सोडला. मला विचारलं नाही. तो चालत निघाला तेव्हा मी मागोमाग गेलो.

कंग्राळीच्या तालमीपुढं संध्याकाळची माणसं बसली होती. गुंडूही होता. भावकू उभा राहिला आणि म्हणाला, "मष्णूचं लाकूड मोडलं न्हाय. खडकावर पडूनबी त्याची मधली फळी शाबूत हुती, मी बघितली. कापड सुटलं. कापड माझं. वलं हुतं, मला कळलं हुतं, मी बोललो न्हाय."

मग गुंडू उठला. मला वाटलं मारणार. तो भावकूच्या अगदी तोंडाशी आला, उभा राहिला, आणि घराकडं वळला. आम्ही त्याच्या मागं गेलो.

नागुबाई चुलीपुढं होती. गुंडूनं दारातूनच सांगितलं. भावकू अंगणात हात जोडून उभा. ती पदरानं हात पुसत बाहेर आली.

"कवा कळलं तुमाला?" तिनं विचारलं.

"त्याच दिवशी, वैनी. उडायच्या आदी."

"आनी आज सांगताय."

"व्हय."

"भावकूअण्णा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "वरीसभर मी त्यांचं लाकूड चुलीला घातलं. छपरात जेवढं रचून ठिवलं हुतं तेवढं समदं. त्या लाकडानं माझा नवरा खाल्ला म्हणून एकेक फळी फोडून जाळली. त्यांच्या हातचं एक चाक ठिवलं न्हाय घरात. आता मी काय बघू?"

ती आत गेली आणि दार लावलं.

गुंडूकडं काम हळूहळू परत आलं. ते एक बरं झालं. भावकूनं एक लुगडं विणून माझ्या हाती कंग्राळीला पाठवलं, नागुबाईनं घडीसुद्धा न मोडता परत दिलं. व्यापाऱ्यांना ही गोष्ट कळली तरी त्यांनी त्याचं कापड घेणं थांबवलं नाही. लुगड्याला कुठं उडायचं असतं? पण भावकूच आपलं कापड दहादा बोटानं दाबून बघायला लागला. एक लुगडं उतरवायला दुप्पट दिवस लागायचे. मालुबाई ओरडायची, मग ओरडणंही सोडलं.

लढाईच्या काळात सांबऱ्याला विमानतळ झाला. आमच्या डोक्यावरून दिवसभर विमानं जायची. पोरं अंगणात धावायची. भावकू खड्ड्यात बसून विणत राहायचा. मला तो एकदाच म्हणाला, "मास्तर, मला अजून उडावं वाटतं. सपनात रोज उडतो. लाज वाटती सांगायला."

१९४६ च्या पावसाळ्यानंतर त्याचं छातीचं दुखणं वाढलं. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा मी कंग्राळीला गेलो. नागुबाईचे केस पांढरे झाले होते. मी सांगितलं, भावकूचे थोडे दिवस आहेत.

"मी येनार न्हाय, मास्तर," ती म्हणाली. "जमनार न्हाय मला."

मी उठलो. ती उंबऱ्यापर्यंत आली.

"त्या दिवशी तुमी हुतासा. वर असताना ते गात हुते का?"

"होय," मी म्हणालो. "कापड सुटेपर्यंत गात होता."

तिनं मान हलवली आणि सूप घेऊन निवडायला बसली.

भावकूनं विचारलं, "आली?" मी नाही म्हणालो. त्यानं "बरं" म्हटलं आणि भिंतीकडं तोंड केलं. मष्णू गात होता का, हे तिनं विचारल्याचं मी सांगितलं नाही. सांगावं की नाही ते मला ठरवता आलं नाही, आणि चौथ्या दिवशी सकाळी तो गेला.

तिरडी उचलायच्या वेळेला गुंडू आला. त्याला कुणी निरोप दिला नव्हता. तो कंग्राळीहून चालत आला होता, पाय धुळीनं भरलेले. त्यानं कुणाकडं बघितलं नाही. पुढच्या डाव्या बाजूला जाऊन खांदा दिला आणि स्मशानापर्यंत बदलू दिला नाही.