बाटलीतलं एक लिटर

पोलादपूरच्या वर, कापडे गावाच्याही पुढे, डोंगरात हैबती उतेकरची वाडी. भावकीतली निम्मी माणसं मुंबईला गेली. हा महाडपर्यंत आला आणि तिथेच रमला. आधी ट्रकवर क्लीनर, मग ड्रायव्हर, आणि पुढे अठरा वर्षं डॉक्टर दत्तोपंतांच्या फियाटवर. अंगात खाकी सदरा, वरचं बटण लावलेलं. पेशंटच्या घरी चहा आला, तरी आधी काच पुसायची, मग कप हातात घ्यायचा. डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी पोलादपूरच्या दवाखान्यात बसत, आणि मधूनमधून आंबेनळीच्या घाटातल्या गावांना जात.

त्या घाटानेच सगळं घडवलं. चौऱ्याण्णवचा एप्रिल. उन्हात चढावर गाडी गुदमरायची. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपात धगीने पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी उभी. हैबती उतरायचा, पंपावर ओलं फडकं टाकायचा, विडी ओढायचा आणि पाच मिनिटांनी निघायचा. डॉक्टरांना ते सोसेना. त्यांचा मुलगा आमोद मुंबईला इंजिनियरिंग शिकत होता. त्याने विजेवर चालणारा मोठा पंप आणला.

"बाबा, शर्यतीच्या गाड्यांना असलाच बसवतात. गाडी थांबणार नाही, आणि अ‍ॅव्हरेजही वाढेल."

महाडच्या नाक्यावरच्या जानू मिस्त्रीने तो डिकीत, टाकीजवळ बसवला. किल्ली फिरवली की मागून टिक-टिक-टिक ऐकू यायचं. घाट एका दमात पार झाला. डॉक्टर इतके खूश, की त्यांनी हैबतीला घाटमाथ्यावर भजी खाऊ घातली.

पण महिना झाला आणि डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. लिटरला तेरा किलोमीटर देणारी गाडी नऊवर आली होती. पंप मोठा, म्हणजे ताकद जास्त, म्हणजे पेट्रोल कमी, असा त्यांचा हिशेब. मग पेट्रोल जातं कुठे?

मेच्या पहिल्या मंगळवारी, पोलादपूरच्या दवाखान्याच्या पायरीवर, कंपाउंडर आणि शेजारचा औषधवाला उभे असताना ते बोलून गेले, "हल्ली माझी गाडी पेट्रोल पिते की गाडीवरचा माणूस, देव जाणे!"

दोघे हसले. हैबती चार हातांवर टायरची हवा बघत होता. त्याने ऐकलं, आणि मान वर केली नाही.

परत येताना त्याने गाडी सरळ जानूच्या दारात नेली. "जानू, बाटली लाव. डाक्टरांच्या डोळ्यांसमोर."

अ‍ॅव्हरेज मोजायची ही मिस्त्री लोकांची जुनी रीत. बाटलीत मोजून एक लिटर भरायचं, बॉनेटखाली उंच टांगायची, तिची नळी कारबोरेटरला जोडायची, आणि गाडी बंद पडेपर्यंत हाकायची. जानूने बाटली टांगली. डॉक्टर मागे बसले. गाडी बरोबर तेरा किलोमीटर धावली आणि थांबली.

जानूने डोकं खाजवलं. "गाडी तर चोख हाय, डाक्टर."

गाडी चोख. मग खोट कोणात, हे सांगायला कोण हवं? दुसऱ्या दिवशी टाकीच्या झाकणाला कुलूप लागलं. हैबतीने गाडीची किल्ली डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

"दुसरा माणूस बघा, डाक्टर. शुक्रवारपर्यंत चालवतो."

घरी बायकोने, ठकूबाईने, ऐकून घेतलं आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "अवो, तुमी काय नाय केलंत, तर सोडताव कशाला? सोडलात, म्हंजे लोक म्हनतील खरंच व्हतं."

"मग काय करू? बाटलीच माज्यावर उलटली. गाडी अशी गुपचूप गेली, गो, जशी जुन्या दिवसांत जायची."

बोलता बोलता तो थबकला. गुपचूप? महिनाभर ती टिकटिक त्याच्या कानात बसली होती. त्या दिवशी ती कुठे होती?

गुरुवारी सकाळी तो जानूच्या पुढ्यात उभा. "त्या पंपाची वायर तू काढलीस?"

"मग! नायतर टाकीतलं पेट्रोल पन गेलं असतं इंजिनात. बाटली नुसती शोभेला राहिली असती."

"म्हंजे बाटलीचं पेट्रोल पंपातून गेलंच नाय, गाढवा!"

जानूने पाना खाली ठेवला. त्याने बॉनेट उघडलं, प्लग काढला. प्लग काजळीने काळाकुट्ट. "आयला, हैबती. इंजिनाला जेवढी भूक, तेवढंच कारबोरेटरच्या वाटीत हवं. हा पंप एवढ्या जोरानं ढकलतो, की वाटीतली पेट्रोल अडवायची सुई दाबच धरत नाय. वाटी भरून वाहते, आनी इंजिन नको तेवढं पितंय. धूर बघितलास? काळा हाय."

शुक्रवारी बाटली डिकीत ठेवली, नळी पंपाच्या आधी जोडली. टिक-टिक सुरू. डॉक्टर मागच्या सीटवर, मांडीवर बॅग. नवव्या किलोमीटरला गाडी खोकली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली. डॉक्टर उतरले, डिकी उघडून रिकाम्या बाटलीकडे बराच वेळ पाहत राहिले.

"हैबती, माझं चुकलं."

हैबती बाटलीची नळी काढून टाकीची नळी पुन्हा पंपाला जोडत होता. "मला नका सांगू, डाक्टर. जिथं बोललात, तिथं बोला."

डॉक्टर अभिमानी माणूस; गावाला पाठ होतं ते. पण पोलादपूरला उतरल्यावर ते आत गेले नाहीत. पायरीवरच थांबले. कंपाउंडरला बाहेर बोलावलं, औषधवाल्याला हाक मारली, आणि भरल्या रस्त्यात, सभेत बोलावं तसे बोलले, "मंगळवारी मी हैबतीवर चोरीचा आळ घेतला. तो खोटा होता. पेट्रोल माझ्या मुलाने आणलेला आणि मीच बसवून घेतलेला पंप खात होता. मी त्याची माफी मागतो."

औषधवाला घाईने म्हणाला, "छे हो डॉक्टर, आम्ही कुठे खरं मानलं होतं?"

"मग हसलात कशाला?" हैबती म्हणाला.

औषधवाल्याला एकाएकी दुकानातलं गिऱ्हाईक आठवलं. डॉक्टर मात्र तिथेच उभे होते. हैबतीने परत केलेली किल्ली बुधवारपासून फेरीपुरतीच त्याच्या हाती येई, आणि उतरलं की पुन्हा त्यांच्या खिशात जाई. ती त्यांनी काढून त्याच्या हातावर ठेवली.

"आता सांग. कोणता पंप ठेवू?"

"जुना," हैबती म्हणाला. "चढावर थांबावं लागंल."

"थांबू."