अनानीच्या खुणा

अनानी क्पोडो रेडिओ केंद्रात आवाज सांभाळायचा. बावीस वर्षं तेच काम. होहोए गावाच्या टेकडीवरच्या त्या दोन खोल्यांतून कोण काय बोललं याची चर्चा बाजारभर व्हायची, पण ते नीट ऐकू का आलं, हे कुणी विचारत नसे. कुणी विचारावं असं अनानीलाही वाटत नसे. मुळातच कमी बोलणारा माणूस. बायको म्हणायची, "तुमचा आवाज वाढवायची सोय देवाने केलीच नाही."

जुन्या यंत्रावर आठ स्लायडर होते. वर सरकवला की आवाज मोठा, खाली ओढला की लहान. प्रत्येकाच्या कडेला अनानीने पांढरी चिकटपट्टी लावली होती आणि तिच्यावर पेनाने बारीक रेघा मारल्या होत्या. सगळ्यात वरची यावा आजीची. ती सकाळी मयताच्या बातम्या वाचायची आणि तिचा आवाज कापसासारखा. बरीच खाली पास्टर आमेद्झ्रोंची. तिच्या आणखी खाली पास्टरांचीच दुसरी, कारण पत्र्यावर पाऊस वाजू लागला की पास्टर त्याच्याशी भांडायला उठल्यासारखे बोलायचे. यंत्रावरच्या काट्याकडे अनानी बघतच नसे. माणूस खुर्चीत बसला की याचं बोट आपसूक त्याच्या रेघेवर जायचं.

त्या वर्षी धुळीचे वारे सुटले आणि आठांतले तीन स्लायडर कायमचे अडकले. सुटे भाग मिळेनात. केंद्राचे प्रमुख डोत्से साहेब यांनी मग संगणक आणला आणि त्यावर एसिनामने लिहिलेला प्रोग्रॅम बसवला. एसिनाम 'हो' नावाच्या शहरातली, तिशीची, लहान रेडिओ केंद्रांसाठी असले प्रोग्रॅम लिहायची. ती आली, तासभर समजावून गेली. अनानी तासभर मान हलवत होता.

पडद्यावर स्लायडर तसेच होते, आठच, रंगवलेले. पण ते माऊसने ओढायचे. बासष्टवर न्यायला जावं तर पासष्टवर बसे, मागे ओढावा तर अठ्ठावन्नवर. भेंडीच्या रश्शातून माशाचा काटा बोटांनी काढावा, तशी गत.

तिसऱ्या दिवशी अनानीने चिकटपट्टी काढली आणि सरळ पडद्याच्या काचेवर लावली. रेघा मारल्या.

"एफो, उद्या खिळे ठोकाल काचेवर," ब्राइट म्हणाला. हा फुटबॉलच्या बातम्या देणारा पोरगेला माणूस. अनानीला तो एफो म्हणायचा, थोरला भाऊ म्हणून, सगळेच म्हणायचे.

"लागले तर ठोकीन," अनानी म्हणाला.

चार दिवस सगळं झकास चाललं. पाचव्या दिवशी रात्रीच्या सामन्याचे गोल बघायला ब्राइटने प्रोग्रॅमची खिडकी चार बोटं वर ढकलली आणि तशीच ठेवून तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला यावा आजी माइकसमोर बसली. मागे रेकॉर्डवरच्या बँडचे कर्णे मंद वाजत होते. अनानीने तिचा स्लायडर काचेवरच्या रेघेला नेऊन भिडवला. रेघ तिथेच होती, पण तिच्यामागची खिडकी वर सरकल्यामुळे रेघेपाशीचा आवाज आता लहान होता. आजीचा आवाज कर्ण्यांखाली बुडाला. अनानीने घाईने वर ओढला तर आजी एकदम गर्जली, खाली आणला तर पुन्हा बुडाली. ताळमेळ बसेपर्यंत बातमी संपत आली होती.

नऊ वाजता सुतकाच्या लाल-काळ्या कपड्यांतली सहा माणसं टेकडी चढून आली.

"आमच्या वडिलांचं नाव ऐकूच आलं नाही!" त्यांच्यातली थोरली बाई म्हणाली. "ऐकू आलं ते फक्त चुलत्यांचं, शेवटी कळवणारे म्हणून वाचतात ते. आता अर्धं गाव चुलत्यांच्या अंगणात जमून रडतंय, आणि ते दारात उभे राहून सांगताहेत, अहो मी आहे, मी आहे!"

"मग त्यांना बघून तरी गप्प बसले असतील," ब्राइट पुटपुटला.

"गप्प? दोघी बायका तर आणखी जोरात ओरडल्या!"

डोत्से साहेबांनी हात जोडून माफी मागितली, बातमी दुपारी तीनदा वाचायचं कबूल केलं आणि माणसं उतरून गेल्यावर ते अनानीकडे वळले. "एफो, शनिवारी नव्या कंदांचा सण आहे. मैदानावरून थेट प्रसारण. मुख्य गावप्रमुख बोलणार, सगळा इलाका ऐकणार. यंत्रावर ब्राइट बसेल. तुम्ही जनरेटर बघा."

बावीस सण अनानीने सांभाळले होते. तेविसाव्याला तो डिझेलच्या डब्याशेजारी उभा राहणार होता, आणि एकदा तिकडे उभा राहिलेल्या माणसाला कुणी परत आत बोलावत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी तो म्हणाला, "बरं, साहेब."

"बरं काय, बरं?" यावा आजी बाहेर त्याच्यावर घसरली. "खिडकी कुणी हलवली ते सांगायला तोंडात काय मक्याचा गोळा धरलायस?"

"पट्टी तर मीच लावली होती ना, आजी."

आजीने कपाळावर हात मारला आणि एसिनामला फोन लावला.

एसिनाम बुधवारी आली. काचेवरची पट्टी बघून ती हसली, इतकी की डोळे पुसावे लागले. मग वाकून रेघांवरची अक्षरं वाचू लागली. पास्टर. पास्टर, पाऊस. यावा आजी. यावा आजी, सर्दी. एकाच स्लायडरला अकरा रेघा होत्या. हसू थांबलं.

"हे सगळं जुन्या यंत्रात होतं?"

"यंत्रात कुठलं? यंत्राच्या बाजूला होतं."

"म्हणजे मी यंत्र हुबेहूब काढलं, आणि बाजू विसरले." ती खुर्चीत बसली. "एफो, दोन दिवस द्या. साहेबांना सांगा, शुक्रवारी तुम्ही करून दाखवणार."

"मी सांगू?"

"बरं, मी सांगते."

गुरुवारी दुपारी तिने आपल्या लॅपटॉपवर दाखवलं. स्लायडरवर माऊसचं उजवं बटण दाबलं की छोटी यादी उघडे. इथे खूण कर. खुणेवर जा. आकडा लिही. आणि खाली नावं. अनानीने त्या बाजूचं बटण जन्मात दाबलं नव्हतं. त्याने गरम तव्याला लावावं तसं बोट लावलं. यादी उघडली, पण त्याच क्षणी स्लायडरही टुणकन उडून माऊसच्या बाणापाशी आला.

"हा का हलला?" अनानी म्हणाला. "मी त्याला विचारलं होतं, ये म्हटलं नव्हतं."

एसिनामने स्वतः दाबून बघितलं. पुन्हा उडाला. "अरे देवा. स्लायडरला वाटतंय कुठलंही बटण म्हणजे हुकूमच. प्रसारण चालू असताना हे झालं असतं म्हणजे..." ती तिथेच कामाला बसली. उजव्या बटणाने फक्त यादी उघडायची, जागचं हलायचं नाही. हलायचं ते डाव्यानेच. तासाभरात जमलं. अनानीने पन्नासदा दाबून खात्री केली, मग एका बोटाने एकेक अक्षर शोधत सगळी नावं भरली. घरी गेला तेव्हा जेवण निवून गेलं होतं, पण बायकोला तो न विचारता काहीतरी सांगू लागला, म्हणून ती न रागावता ते पुन्हा गरम करू लागली.

शुक्रवारी एसिनामने नवा प्रोग्रॅम, अनानीच्या सगळ्या खुणांसकट, केंद्राच्या संगणकावर घातला. डोत्से साहेब मागे उभे राहिले. अनानीने उजवं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. बटण खाली जाईचना.

"ते बटण इथे कुणी वापरत नाही," साहेब म्हणाले. "मागे कचेरीतल्या संगणकावर कुणीतरी ते दाबून जुनी सगळी भाषणं पुसून टाकली. तेव्हापासून प्रत्येक माऊसमध्ये मी आगकाडीचा तुकडा बसवलाय. नियम आहे तो."

एसिनामने डोळे मिटले. ब्राइट खिडकीबाहेर बघू लागला. अनानी माऊसकडे बघत राहिला, आणि मग कुणाच्या ध्यानीमनी नसताना बोलला.

"साहेब, पुसायचं होतं ते दुसऱ्या यादीत, माझ्या या यादीत पुसायचं काहीच नाही. वाचून बघा. नाही पटलं तर मी जनरेटरकडे जातो."

एवढं लांब बोलणं साहेबांनी त्याच्याकडून कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी खिशातून चाकू काढला, आगकाडी उचकटली आणि स्वतःच बटण दाबलं. यादी उघडली. ते चष्मा सावरून वाचू लागले. "यावा आजी. पास्टर. डोत्से साहेब. डोत्से साहेब, रागात. डोत्से साहेब, गावप्रमुखांसमोर." ते थांबले. "या शेवटच्याची खूण इतकी वर का?"

"तिथे तुमचा आवाज फार बारीक होतो, साहेब."

यावा आजी पदराआड हसली. साहेबांनी चाकू मिटून खिशात ठेवला. "उद्या तुम्ही बसा," ते म्हणाले, "पण एक जरी नाव बुडालं, तर सोमवारी मी ही काडी परत घालणार आणि तुम्हाला डिझेलकडे पाठवणार."

शनिवारी मैदानावर ढोल, छत्र्या, उकडलेल्या कंदांचा वास आणि माणसंच माणसं. मंडपाखालच्या टेबलाशी अनानी बसला होता, शेजारी यावा आजी आणि ब्राइट. पास्टरांची प्रार्थना, साहेबांचं स्वागत, सगळे आपापल्या खुणेवर जाऊन बसले. मग गावप्रमुख रिवाजाप्रमाणे कुजबुजले आणि ते मोठ्याने सांगायला त्यांचा प्रवक्ता दंड घेऊन उभा राहिला. नेहमीचा म्हातारा आजारी होता. हा कुणी नवाच, ढोलासारख्या छातीचा.

याची खूण नव्हती.

अनानीने कानांवरचे हेडफोन दाबून धरले. पहिला शब्द फुटण्याआधी त्या माणसाने घेतलेला श्वास त्याने ऐकला आणि स्लायडर खाली ओढला, बराच खाली, मग केसभर वर. आवाज मैदानावरून गेला, भोवतालच्या टेकड्यांवरच्या घराघरांत गेला, आणि गावप्रमुखांनी घेतलेलं प्रत्येक नाव, मेलेल्यांचं आणि जिवंतांचं, स्पष्ट ऐकू आलं.

साहेब मागे येऊन उभे होते. अनानीने मागे न बघता उजवं बटण दाबलं, 'इथे खूण कर' निवडलं आणि एका बोटाने अक्षरं शोधू लागला.

"ब्राइट," साहेब हळूच म्हणाले, "जरा डिझेल किती उरलंय बघून ये."

ब्राइट उठला. "बघतो, साहेब. आणि सोमवारी?"

"सोमवारीही."

अनानीला ते ऐकू आलं नाही. तो मान वळवून यावा आजीला विचारत होता, "याचं नाव काय गं? पटकन सांग, बसायच्या आत."