उघड्या पुस्तकामागचा आवाज

सक्करदऱ्यातील आमच्या वाचनालयात खिडकीजवळ आता श्रवणाचा एक कोपरा आहे. वाचक तिथे हेडफोन लावून पॉडकास्ट ऐकतात आणि त्याचे श्रेय ग्रंथपाल म्हणून मला देतात. ते माझे नाही. या कोपऱ्याला सर्वांत कडवा विरोध मीच केला होता. आणि तो करीत असताना मी स्वतः रोज चोरून ऐकत होतो.

सुरुवात धंतोलीतील डोळ्यांच्या दवाखान्यात झाली. तपासणीसाठी डोळ्यांत थेंब घातले होते आणि हातातले पुस्तक नुसते पांढरे दिसत होते. माझी चुळबुळ पाहून सोबत आलेल्या माझ्या मुलीने आपला एक इअरफोन माझ्या कानात बसवला. कुणी एक बाई गावोगावच्या जुन्या विहिरींविषयी बोलत होत्या, अगदी निवांत, ओसरीवर बसून बोलावे तसे. आत बोलावणे आले तेव्हा मला उठवेना.

डोळ्यांत मोठा दोष निघाला नाही. खरा दोष मला ठाऊक होता. कित्येक वर्षांत मी एकही पुस्तक शेवटापर्यंत वाचलेले नव्हते. दोन पाने झाली की मन भरकटे. मलपृष्ठावरचा मजकूर पाहून मी वाचकांना पुस्तके सुचवीत असे. कानाने मात्र मी पुन्हा स्थिर होऊ लागलो. मग टेबलावर पुस्तक उघडे ठेवायचे, भिंतीकडच्या कानात इअरफोन घालायचा आणि अधूनमधून पान उलटायचे, अशी माझी रीत झाली.

आमच्या एक जुन्या सभासद होत्या, आम्ही सारे त्यांना काकू म्हणत असू. त्यांची नजर हळूहळू गेली. घरात टीव्हीपुढे काही ऐकता येत नाही, तेव्हा वाचनालयातच ऐकण्याची सोय करावी, असे त्यांनी सुचवले. कार्यकारिणीच्या सभेत विषय निघाला तेव्हा मी म्हणालो, "ऐकणे म्हणजे वाचन नव्हे. आपल्याला काय रेडिओ केंद्र उघडायचे आहे?" सगळे हसले आणि विषय बारगळला. काकूंनाही मी तेच वाक्य ऐकवले. ज्या गोष्टीची मला लाज वाटत होती, ती दुसऱ्या कुणी उजळ माथ्याने मागावी, हे मला सोसले नव्हते.

पुढच्याच महिन्यात काकू सुनेचा हात धरून आल्या.

"भाऊ, नाव काढून टाका माझं. डोळे गेले, आता कार्ड काय देव्हाऱ्यात ठेवू?"

"राहू द्या ना, आई," सून म्हणाली. "तुम्हाले घरी करमत नाही."

"अन् इथं येऊन काय करू वं? कपाटं हुंगू?"

माझ्या कानात तेव्हाही कुणीतरी बोलतच होते. मी इअरफोन काढला, रुमालाने पुसला आणि काकूंच्या तळहातावर ठेवला. सुनेने तो त्यांच्या कानात बसवला. काकूंनी दुसऱ्या कानावर तळहात दाबून धरला.

"हा तं बियाण्याचं सांगून राहिला! किती साजरं बोलते!" मग आवाजाच्या अंदाजाने माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही कधीपासून ऐकून राहिले, जी?"

"सभेच्या आधीपासून."

"अन् मले म्हणत होते, ऐकनं म्हणजे वाचन नाही! मंग समोर ते पुस्तक काहून ठेवता?"

"लोकांना दिसावं म्हणून."

"पानं तरी पलटवता का?"

"पलटवतो."

"मोठे लबाड निघाले तुम्ही, भाऊ!" म्हणत त्या खळखळून हसल्या.

त्या हसण्याने माझी मान सैल झाली. कान लपवण्यासाठी ती भिंतीकडे वळवून वळवून आखडली होती, हे मला तेव्हा कळले. वाचकांनी वर्तमानपत्रांतून डोकी वर काढली. त्यांत कार्यकारिणीचे दोघे होते. माझ्या डोक्यावर 'शांतता राखा' ही पाटी होती. ती मी जन्मभर पाळली. त्या दिवशी मात्र उभा राहिलो आणि शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल अशा आवाजात म्हणालो, "काकू, तुमची मागणी रास्त होती. मी स्वतः ऐकत होतो आणि स्वतःच्या लाजेपायी तुम्हाला नाही म्हणालो. तुमचं नाव मी काढणार नाही. माझं चुकलं, मला माफ करा."