शेकोटीजवळची जागा

हिवाळ्यात मोठी काकू सगळ्यांच्या आधी उठून अंगणात शेकोटी पेटवायची आणि ती नीट धरली की पाठ फिरवून गोठ्याकडे वळायची. आम्ही उठून हात शेकत बसायचो, काका चहा घेऊन मधोमध. काकू चाऱ्याची पेंढी डोक्यावर घेऊन समोरून जायची. "ये की दोन मिनिटं," काका रोज म्हणायचे, आणि रोज जागचे हलायचे नाहीत.

एका वर्षी डेअरीच्या भिंतीवर गावातला हिवाळा रंगवायचं ठरलं. पाट्या रंगवणाऱ्या रंगाऱ्याने धुकं काढलं, पानं झडलेली झाडं, दंवाने पांढरी पडलेली शेतं. शेकोटीभोवती आमच्या घरची माणसं बसवली, मधोमध काका. चित्रातली काकू मात्र पेंढी घेऊन गोठ्याकडे निघालेली. दूध घालायला गेलेली काकू ते बघत राहिली.

"भावजी, चित्रात तरी बसवा की मला."

"वहिनी, तुम्हाला बसलेलं पाहिलंय कुणी? काढू कसं?"

"नसेल पाहिलं. काढा."

त्याने काढलं. काकू शेकोटीजवळ आली, हात पुढे करून. गोठ्याच्या वाटेवर मात्र कुणीच उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकू पुन्हा त्याच्यापुढे उभी. "गाय उपाशी दिसते हो. रोज तिच्या तोंडाकडे कसं बघू?"

"मग उठता का परत?"

"मी का उठू? एवढी माणसं बसलीत."

चित्रातली पेंढी काकांच्या डोक्यावर गेली. डेअरीत ज्याला त्याला विषय मिळाला. "काय दादा, घरीही असंच, की नुसतं भिंतीवर?"

काका तणतणत घरी आले. "गावभर माझी शोभा केलीस."

काकू दूध गाळत होती. "चित्रातलंच ओझं ते. मान दुखली का?"

काकांनी आठवडाभर अबोला धरला. मग एका सकाळी चहा अर्धा टाकून उठले आणि गोठ्यात गेले. त्या दिवशी काकूने उभ्या उभ्याच हात शेकले; बसायची तिला सवयच नव्हती. ती हळूहळू लागली. पुढे पुढे आम्ही तिची जागा सोडून बसू लागलो.

शेवटच्या हिवाळ्यात तिला धाप लागायची, तरी सकाळी बाहेर यायचीच. गेली त्या दिवशीही अंगावर शाल घेऊन बसली होती. काका पेंढी उचलून निघाले, तशी मागून म्हणाली, "पेंढी सोडून टाका हो. कालच्यासारखी बांधलेलीच टाकू नका."