मार खाणारा डबा

त्या घरात मार खाणारे दोघे होते, गादीवाली आणि टीव्ही. टीव्हीला सगळ्यांदेखत मार बसायचा, पाहुणे आले असले तरी, आणि त्याचं सगळ्यांना हसू यायचं. गादीवालीला मारायच्या वेळी दार लावून घेतलेलं असायचं.

गादीवाली हे काही तिचं खरं नाव नव्हे. रस्त्याच्या तोंडाशी जुने सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करायचं दुकान होतं, तिथे ती लग्नाआधीपासून कामाला होती आणि शेजारपाजाराने तिला हे नाव चिकटवलं होतं. सोफ्याचं जुनं कापड ओरबाडून काढायचं, आतला सडका काथ्या उपसायचा, पट्टे ताणून त्यावर स्प्रिंगा बांधायच्या आणि वरून नवं रेक्झिन ओढून ठोकायचं. पट्टा ताणताना ती चौकटीला गुडघा लावून असा हिसका द्यायची की लाकूड करकरायचं. दुकानातले दोन बाप्ये मिळून जेवढा ताण देत, तेवढा ती एकटी द्यायची. बारीक खिळे तोंडात धरायची आणि जिभेने एकेक पुढे सारत हातोडीखाली आणायची. तोंडात खिळे असले की बोलता येत नाही, त्यामुळे ओठ का सुजलाय असं कुणी विचारलं तरी उत्तर द्यावं लागत नाही. त्या धंद्यातली ही एक मोठीच सोय होती.

तिचा नवरा मोडक्या गाड्यांच्या आवारात कामाला होता. पत्रे कापायचे, काचा फोडायच्या, इंजिनं उपटायची. दिवसभर एवढी मोडतोड करून माणसाची हौस फिटायला हवी, पण याची फिटत नसे. आवारातला मुकादम त्याला चारचौघांत आईबहिणीवरून बोलायचा. हा तिथे मान खाली घालून ऐकून घ्यायचा आणि संध्याकाळी ते सगळं घरी घेऊन यायचा. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्याने तिचा दात पाडला. पुढे मुलगी पोटात असताना जिन्यावरून ढकललं. मुलगी वाचली, हिची बरगडी गेली. सासू म्हणाली, मनाचा वाईट नाही गं तो, फक्त त्याचा हात आवरत नाही. गादीवालीच्या स्वतःच्या आईनेही तेच सांगितलं. डॉक्टरला तर हिने आपण होऊन तेच सांगितलं आणि वर ओशाळं हसली. इतक्या जणांच्या तोंडून ऐकल्यावर तिलाही ते पटून गेलं. कुणाला दमा असतो, कुणाला फिट येते, तसा याचा हात आवरत नाही.

मुलगी शाळेत जायला लागली त्या सुमाराला टीव्ही घरात आला. जुन्या पद्धतीचा, ढेरपोट्या, मागे हे एवढं कुबड. एका संध्याकाळी नवरा धुमसत घरात शिरला, गादीवाली ताट घेऊन समोर उभी, आणि नेमक्या त्याच वेळी पडद्यावर मुंग्या आल्या. त्याचा उचललेला हात तिच्याऐवजी टीव्हीवर पडला. चित्र आलं, गेलं. त्याने आणखी एक ठेवून दिली, मग तिसरी, प्रत्येक थपडीबरोबर मुकादमाची एकेक शिवी. चित्र ठाकठीक झालं तसा तो घाम पुसत बसला आणि मुकाट जेवला. त्या संध्याकाळी तिला बोटही लागलं नाही.

सकाळी तिने मागे जाऊन पाहिलं तर केबलची वायर भोकात ढिली झाली होती. चांगल्या घरची बाई करील तेच तिने केलं. वायर घट्ट बसवली. त्या दिवशी चित्र आरशासारखं स्वच्छ दिसलं आणि नवऱ्याने तिचे केस धरून तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. दुसऱ्या दिवशी तो कामावरून यायच्या आत तिने दोन बोटांनी वायर जराशी ओढून ठेवली.

तेव्हापासून तिचा तो नेमच झाला. वायर किती ओढायची यातही तिने हात बसवून घेतला. फार ओढली तर किती बडवलं तरी चित्र येत नसे, आणि तो मागे जाऊन बघेल ही धास्ती. कमी ओढली तर चित्र हलतच नसे. उजव्या कुशीवर चार सणसणीत बसल्या की चित्र यावं, असं तिचं माप होतं. म्हणून तिला मार बसायचा थांबला असं नाही. पण मोठा वाटा टीव्हीने घेतला. त्याचं प्लॅस्टिक चिरलं, एक कोपरा तुटला, एकदा लाथ बसून तो टेबलावरून खाली आला, तरी मेला नाही. मुलगी मोठी होताना हेच बघत होती आणि मैत्रिणींना हसून हसून सांगायची की आमच्याकडे रोज बाबा आणि टीव्हीची कुस्ती असते. आईचं तिने फारसं पाहिलं नव्हतं. आईनेच ती काळजी घेतली होती.

ही मुलगी पुढे टीव्ही-फ्रिजच्या दुकानात विक्रीला लागली आणि दुकानाजवळच खोली घेऊन राहू लागली. एक दिवस ती घरी आली ती एचडी टीव्हीचं खूळ घेऊनच. वर्षभराने सगळ्या वाहिन्या एचडी होणार होत्या. तोवर जुना डबा चालला असता. पण आज ना उद्या घ्यायचाच आहे तर आत्ताच का नको, मी घेऊन देते, असं तिचं म्हणणं. बाप तर एका पायावर तयार. त्याला बॉक्सिंगचं वेड होतं, आणि नव्या टीव्हीवर फुटलेल्या भुवईतून रक्ताचा थेंब निघताना दिसतो असं त्याला आवारात कुणीतरी सांगितलं होतं.

गादीवाली आडवी आली. कधी कशाला नाही न म्हणणारी बाई या एका गोष्टीवर हटून बसली. दुकानात कव्हरं शिवणाऱ्या तिच्या मैत्रिणीने नुकताच एचडी टीव्ही घेतला होता. तिच्याकडून तिने मुद्दे गोळा केले. आत्ता मोजक्याच वाहिन्या एचडी आहेत, बाकीच्या त्याच्यावर उलट जास्तच धुरकट दिसतात. वर्षभराने याहून चांगले येतील. आपली खोली केवढी, इतक्या जवळून डोळे जातील. बातम्या देणारीच्या तोंडावरचे खड्डे मोजून काय करायचंय? हे सगळं तिने वकिलासारखं मांडलं. खरा मुद्दा तेवढा पोटात ठेवला. शिवणवाली एकदा वैतागून म्हणाली, तो डबा तुझा सख्खा भाऊ लागतो का, एवढी भांडतेस ती? गादीवालीच्या तोंडात खिळे होते.

तिला फक्त एक वर्ष हवं होतं. नवऱ्याचे खांदे आता दुखत. वर्षभरात हात आणखी थकेल, मग डबा गेला तरी चालेल, असा तिचा हिशेब होता.

मुलीने शेवटी म्हटलं, बरं, रविवारी येते आणि तो चालतो तरी का ते बघते. आली पंचाईत! वायर ढिली ठेवावी तर मुलगी म्हणणार, मेलाय हा, बदला. घट्ट करावी तर संध्याकाळी काय होणार ते ठरलेलं. तिने विचार केला आणि वायर घट्ट केली. रविवारी दुपारभर टीव्ही असा चालला की मुलगीही चकित झाली. तिने पुढून पाहिलं, बाजूने थोपटून पाहिलं, आणि म्हणाली की याला अजून काही झालेलं नाही, थांबू या वर्षभर. गादीवालीने तिला रस्त्याच्या टोकापर्यंत सोडलं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

परत आली तेव्हा नवरा टीव्हीसमोर बसला होता. त्या रविवारीही त्याला मुकादमाने अर्धा दिवस राबवून घेतलं होतं, आणि वर शिव्या होत्याच. चित्र मात्र स्वच्छ होतं, हाताला काम नव्हतं. ती घाईने टीव्हीच्या मागे जाऊ लागली तसा त्याने पाय आडवा घातला. ती तोंडावर पडली. मग त्याने कमरेचा पट्टा काढला. पट्ट्याने भागलं नाही तेव्हा पायांनी. तिने डोकं दोन्ही हातांत घेतलं आणि सोफ्याखाली बघत राहिली. पाठीला लागत होतं तोवर ठीक, पण एक लाथ कानशिलावर बसली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. शेवटी तो दमला. एवढा थकलेला खांदा, पण दमायला फार वेळ घेतला.

दुसऱ्या दिवशी तिला उभं राहवत नव्हतं, तरी तिने वायर ओढली. बोटं सुजली होती, जरा जास्तच ओढली गेली. संध्याकाळी त्याने टीव्ही बडव बडव बडवला, चित्र काही येईना. "झालं याचं," म्हणत त्याने मुलीला फोन लावला आणि उद्याच नवा पाठव म्हणून सांगितलं. म्हणजे ज्या खोडीने तिला इतकी वर्षं वाचवलं, त्याच खोडीने नवा टीव्ही घरात आणला. आता हे सांगायचं तरी कुणाला?

नवा आला, भिंतीवर चढला. पाटासारखा सपाट. जुना डबा नवऱ्याने एकट्याने उचलून जिन्याच्या वरच्या पायरीवरून सोडून दिला. तो आदळत, फुटत खाली गेला, तेव्हा शेजारची पोरं टाळ्या पिटत होती. गादीवाली वर कठड्याला धरून उभी होती. तिला रडू आलं. लोकांना वाटलं, जुन्या वस्तूवर जीव असतो बायकांचा.

पुढचे काही दिवस नवलाईत बरे गेले. मग बॉक्सिंगचा मोठा सामना आला आणि तो बघायला मुलगीही आली. नवऱ्याचा लाडका बॉक्सर सुरुवातीपासून मार खात होता. भुवई फुटली, नाक फुटलं, रक्त छातीवरून ओघळलं, आणि सगळं इतकं लख्ख दिसत होतं की गादीवालीने तोंड फिरवलं. समोरच्याने त्याला दोरांवर दाबून धरलं आणि बरगडीत ठोसा हाणला. आता हा पडणार, इतक्यात चित्र जागच्या जागी थिजलं.

नवरा उठला. इतक्या वर्षांची सवय. शिवी हासडली, हात डोक्यामागे नेला आणि सगळ्या अंगाचा जोर लावून खाली आणला.

हात काचेपासून बोटभर अंतरावर थांबला.

नुसता थांबला नाही. अलगद मागे आला, मनगटाची बाही ओढून त्याने काचेवरचा थुंकीचा शिंतोडा पुसला आणि हा थोर माणूस पुटपुटला, "महागाची वस्तू आहे." मग तो वळला. गादीवाली वाटेतच उभी होती, त्याच्या हाताकडे बघत. तोच हात त्याने पुन्हा उचलला आणि तिच्या कानाखाली असा हाणला की ती सोफ्याच्या हातावरून पलीकडे जाऊन पडली. मुलगी किंचाळून मध्ये धावली, तिलाही त्याने कोपराने उडवली.

गादीवाली जमिनीवर होती. कानात शीळ वाजत होती, तोंडातून रक्त येत होतं. पण तिचं दुखण्याकडे लक्ष नव्हतं. ती ते बोटभर अंतर बघत होती. मुकादमावर हा हात कधी पडला नव्हता. आवारातल्या कुणावर नाही, शेजाऱ्यावर नाही, सासूवर नाही. हे तिला रोज दिसत असूनही तिने कधी एकत्र जोडलं नव्हतं. तिला चीड आली ती आधी स्वतःचीच. मग त्याची आली, आणि ती इतकी आली की पाय आपोआप उभे राहिले.

"आवरला की," ती म्हणाली.

"काय?"

"हात. आत्ता आवरलात तुम्ही. मी बघितलं."

तो पुन्हा पुढे आला. तिने त्याचं मनगट हवेतच धरलं. गुडघा त्याच्या मांडीला लावला आणि पट्टा ताणताना देते तसा एकच हिसका दिला. खांद्यात काहीतरी कट्कन वाजलं. तो गुडघ्यांवर आला आणि लहान मुलासारखा ओरडू लागला. तिच्या मनात आलं, आणखी जरा ओढला तर उपटूनच येईल. मनात आलं, आणि हवंहवंसंही वाटलं. तिने दात आवळले, बोटं एकेक करून सोडवली आणि हात सोडून दिला.

मागे पडद्यावरचं चित्र हललं, बॉक्सर पडला, पंच आकडे मोजू लागला. कुणी तिकडे पाहिलं नाही.

तिने चपला घातल्या, आतून कपड्यांची एक पिशवी भरून आणली आणि मुलीला उठवलं. मुलीचा ओठ फुटला होता. जिना उतरताना ती आईचा दंड घट्ट धरून चालत होती. खाली रस्त्यावर आल्यावर तिला रडू फुटलं.

"आई, तू नको नको म्हणत होतीस. मीच आणला तो टीव्ही."

"बरं केलंस," गादीवाली रक्त थुंकून म्हणाली. "तो डबा घरात असता, तर मला मरेपर्यंत कळलं नसतं."