शेठजींसकट सरळ

बुऱ्हाणपुरातल्या एका कापूसवाल्या शेठजींची मोटार मी चालवत असे. शेठजी मागे डावीकडे बसत आणि गाडी डावीकडे झुके. "परवा व्याही येणार. गाडी लंगडी दिसली तर तुला सुट्टी," ते म्हणाले.

दिवसभर मी चारही चाकांवरची उंची दोरीनं मोजली. सगळीकडे बरोबर भरली. म्हणून मी दोरी बदलली.

शेवटी सिंधीपुऱ्यातून बैलगाड्यांचा एक लोहार आणला. नाव विचारायचं राहूनच गेलं. गाडीमागे उकिडवा बसून, एक डोळा मिटून तो बराच वेळ बघत राहिला.

"डायवरभाऊ, रिकामी नापली का? आम्ही तर भरून नापतो." मग तो शेजारी उभ्या शेठजींकडे वळला. "शेठजी, बसा."

शेठजींना असं सांगायची माझी छाती नव्हती.

शेठजी बसले, डावी बाजू चार बोटं खचली. त्यानं तिकडच्या चाकावरच्या कमानीत, म्हणजे स्प्रिंगमध्ये, एक जाड पाटा चढवला. शेठजींसकट गाडी सरळ झाली. ते खूश होऊन उतरले, तशी ती उजवीकडे कलली.

"आता हे काय?" शेठजी माझ्यावर ओरडले.

लोहार हात पुसत म्हणाला, "मालक उतरले ना. आता तोल कसा राहील?"

शेठजींनी मिशीवरून हात फिरवला. माझी नोकरी राहिली. व्याही आले, तेव्हा शेठजी काही गाडीतून उतरेनात.